बेत आणि संकल्प

पेणजवळच्या वरसई गावातून विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांच्या मनातला बेत चारचौघांसारखाच होता. घरावर कर्ज होते व गावच्या भिक्षुकीत ते फिटण्यासारखे नव्हते. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणेला तोटा पडणार नाही, अशी वार्ता कोकणापर्यंत आली होती. चुलते रामभट यांची सोबत होती. जावे, पदरच्या विद्येवर पैसा मिळवावा, वाटेत तीर्थे घडली तर घडवून घ्यावीत आणि परत येऊन घर ऋणमुक्त करावे, एवढाच तो बेत. त्यात राज्याचा विचार नव्हता, धर्मयुद्धाचा नव्हता, आणि या प्रवासाचे आपण पुढे काही लिहू, असेही त्यात कोठे नव्हते.

महूच्या परिसरात शिपायांच्या तोंडून पुढच्या उत्पाताची कुणकुण लागली. तरी हे प्रवासी मागे फिरले नाहीत. यज्ञाचे पुढे जे झाले ते झाले. भटजींच्या पदरात मात्र पडली ती झाशी. १८५८ च्या मार्चच्या उत्तरार्धात सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा ते तटबंदीच्या आत होते. ३ एप्रिलला फौज शहरात शिरली. त्यानंतरची कत्तल, लूट आणि आग त्यांनी पाहिली. पुढे उत्तरेतील अनेक ठिकाणी भटकून, पुनःपुन्हा लुबाडले जाऊन, गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. या साऱ्याचा वृत्तांत त्यांनी १८८३ साली लिहून काढला आणि तो ‘माझा प्रवास’ या नावाने मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे.

हे पुस्तक प्रथमच वाचणाऱ्याला त्यातील एक गोष्ट किंचित खटकते, आणि ती खटकावी हे स्वाभाविकही आहे. एक राज्य डोळ्यांदेखत बुडत असताना या गृहस्थाचे लक्ष दक्षिणेकडे, भोजनाकडे, जवळच्या पैशांकडे कसे जाते? एवढ्या मोठ्या प्रसंगी स्वतःच्या घराचा हिशेब मनात ठेवणे यात काही कोतेपणा नाही काय? प्रश्न गोडसे भटजींपुरता असता, तर तो इतिहासाच्या अभ्यासकांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु तो प्रत्येक संसारी माणसाचा आहे. बाहेर काळ उलथापालथ करीत असतो आणि माणूस मुलीचे लग्न, घराची कौले, पुढल्या वर्षीची यात्रा यांचे बेत करीत असतो. या बेतांना नैतिक मूल्य आहे की ती केवळ एक गोड सवय आहे, हे तपासण्यासाठी झाशीच्या या पाहुण्याइतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

मराठीत योजनेला अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘मनसुबा’ दरबारात शोभतो. ‘मसलत’ चार जणांची असते आणि तिला गुप्ततेचा वास येतो. ‘बेत’ हा शब्द घरातला आहे. प्रवासाचा बेत असतो तसा जेवणाचाही बेत असतो, आणि आज काय बेत आहे, असे विचारणाऱ्याला पंचपक्वान्ने अभिप्रेत आहेत की गावाला जाणे, हे संदर्भावरून ठरते. बेत फिसकटला तर चुटपूट लागते, पण कोणी त्याला वचनभंग म्हणत नाही. याहून वेगळा आणि वजनदार शब्द ‘संकल्प’. विष्णुभटांचा सारा व्यवसायच संकल्पांचा होता. दुसऱ्याच्या घरी पाटावर बसून, यजमानाच्या तोंडून त्याच्या इच्छेचा विधिपूर्वक उच्चार करून घेणे हे भिक्षुकाचे पहिले काम.

या उच्चाराची रचना पाहण्यासारखी आहे. पूजा सत्यनारायणाची असो, वास्तुशांत असो की साधे श्राद्ध असो, यजमान प्रथम काळ सांगतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे उत्तरार्ध, त्यातील कल्प, कल्पातील मन्वंतर, मन्वंतरातील कलियुग, मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. त्याचबरोबर देशही येतो. जंबुद्वीपापासून सुरुवात होऊन गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत तेथपर्यंत. एवढे अफाट विश्व उभे केल्यावर यजमान स्वतःचे गोत्र आणि नाव सांगतो, आणि नंतर काय मागतो? कुटुंबाचे क्षेम, आयुरारोग्य, द्रव्य. कल्पांच्या आणि मन्वंतरांच्या त्या रांगेत आपली मागणी किती बारीक आहे याचा त्याला संकोच वाटत नाही. वाटावा अशी शास्त्राचीही अपेक्षा नाही. उलट, आपण कोणत्या काळात आणि कोणत्या ठिकाणी उभे आहोत हे सांगितल्याखेरीज इच्छा उच्चारू नये, एवढाच नियम आहे. मग उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडायचे. ‘पाणी सोडणे’ या शब्दांना मराठीत आशा सोडण्याचाही अर्थ आहे. इच्छा बोलून दाखवणे आणि तिच्यावरची आपली मालकी सैल करणे या दोन्ही गोष्टी एकाच पळीत व्हाव्यात, हा भाषेने केलेला योगायोग म्हणावा. पण तो अर्थपूर्ण आहे.

यावर गीतेचा आधार घेऊन आक्षेप घेतला जाईल. फळाची आस धरून केलेले कर्म हीन, हा विचार महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला आहे. १९१५ साली ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाल्यापासून तर सुशिक्षितांच्या बोलण्यात निष्काम कर्माचा उल्लेख सहज येऊ लागला. त्या मापाने मोजले तर वरसईहून निघालेली यात्रा पायरीभर खालचीच ठरते, कारण ती उघडपणे सकाम आहे. परंतु ज्याला फळ नको आहे त्याच्यावर सहसा दुसऱ्याचे देणे नसते, ही गोष्ट या चर्चेत बाजूला राहते. सावकाराला निष्काम वृत्ती चालत नाही. ज्याने दुसऱ्याचे पैसे घेतले आहेत त्याने फळाविषयी उदासीन राहणे हा वैराग्याचा नव्हे, बेजबाबदारपणाचा प्रकार आहे. शास्त्राने माणसाला जन्मतःच ऋणी मानले: देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण, शतपथ ब्राह्मणात यांच्या जोडीला मनुष्यांचेही ऋण आले आहे. विष्णुभटांच्या बेताला जे बळ होते ते या चौथ्या ऋणाचे.

आता झाशीकडे वळले पाहिजे. कारण बेताची परीक्षा घरच्या ओसरीवर होत नाही.

नेवाळकरांची झाशी ही बुंदेलखंडातील मराठी वस्तीची जागा होती. किल्ला ओर्च्छाच्या वीरसिंह देवाचा. शहराला मराठी वळण पुढे नारो शंकराच्या काळापासून आले. गंगाधररावांना नाटकाचा नाद, आणि त्यांच्या पदरी ग्रंथांचा मोठा संग्रह. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी दत्तक घेतला. १८५४ साली कंपनी सरकारने तो दत्तक राज्यापुरता नाकारून झाशी खालसा केली. १८५७ च्या जूनमध्ये तेथील फौज उठली आणि त्यानंतर एप्रिल १८५८ पर्यंतच्या दहा महिन्यांत राज्यकारभार राणी लक्ष्मीबाईंच्या हाती राहिला. हे दहा महिने इतिहासाच्या पुस्तकांत दोन लढायांमधली जागा म्हणून येतात. भटजींच्या लेखनात मात्र या काळातली झाशी जगताना दिसते. राणी पहाटे उठून व्यायाम करतात, भरपूर पाण्याने स्नान करतात, शुभ्र वस्त्र नेसून पूजेला बसतात, मग दरबार पाहतात, महालक्ष्मीच्या दर्शनाला जातात. अनुष्ठाने चालतात, ब्राह्मणभोजने होतात.

या दिनक्रमात काम कोठे संपते आणि विसावा कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड आहे. घोड्यावरची रपेट ही करमणूक होती की तयारी? देवदर्शनाची मिरवणूक ही भक्ती होती की प्रजेला दिलेले दर्शन? विष्णुभटांचेही तसेच. त्यांची यात्रा कमाईची होती आणि तीर्थाचीही. अनुष्ठानाला बसणे हे पोटाचे काम आणि पुण्याचेही. कामाचे तास आणि फुरसतीचे तास यांची वाटणी या शहरात पुढे आली, ती रेल्वेबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत झाशी हे मोठे जंक्शन झाले, रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि हजारो माणसांचा दिवस पाळीत बांधला गेला. पाळीने माणसाला एक मोठी देणगी दिली: कामावरून सुटल्यावरचा वेळ त्याचा स्वतःचा झाला. तिच्याबरोबर एक समजूतही आली. जगणे ते सुटल्यावरचे, सुट्टीतले, निवृत्तीनंतरचे. तोवरचे सारे त्याची किंमत मोजणे. आजचा नोकरदार निवृत्तीनंतरच्या बेतांवर तीस-तीस वर्षे काढतो आणि तो दिवस उजाडला की गुडघे धरून बसतो. झाशीच्या राजवाड्यातील दिनक्रम या अर्थाने कशाचीही पूर्वतयारी नव्हता. शत्रू येणार हे ठाऊक असतानाही स्नान पूर्ण होत होते. याला बेसावधपणा म्हणणारे म्हणोत. पण तोफा आणि गोट यांची व्यवस्था त्याच दिवसांत त्याच हातांनी होत होती.

वेढ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत बेताचे काय होते, हा या कथेचा सर्वांत कठीण भाग. कर्ज फेडण्याइतके पैसे जमवून परत जाण्याचा बेत आकसत आकसत जिवंत परत जाण्याचा होतो, मग आजची रात्र काढण्याचा, मग एखाद्या कोनाड्यात श्वास न करता बसून राहण्याचा. शहरात माणसे मारली जात होती, घरे धुऊन नेली जात होती. ग्रंथसंग्रह नष्ट झाला. विष्णुभटांनी कोणाला वाचवले नाही; त्यांनी शस्त्र धरले नाही. ते ज्या शहराचे अन्न जेवले ते शहर जळत असताना ते लपले आणि वाचले. या ठिकाणी त्यांची बाजू घेणारा एकच शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे घर. घरी वाट पाहणारी माणसे होती आणि त्यांचे देणे त्यांना फेडायचे होते.

हा शब्द पुरेसा आहे काय? फार सावधपणे विचारावा असा हा प्रश्न आहे, कारण जगातील बहुतेक लबाड्या याच शब्दाच्या आडोशाने होतात. टेबलाखालून पैसे घेणारा कारकून ते मुलांच्या शिक्षणासाठी घेत असतो. शेजाऱ्यावर अन्याय होताना दार लावून घेणारा बायकामुलांचा विचार करीत असतो. आयुष्यभर घरासाठी राबणारा आणि घरात दोन घटका न बसणारा मनुष्यही हेच सांगतो. त्याच्या बाबतीत तर घर हे कामाचे कारण राहत नाही, कामात बुडून राहण्याची सबब होते. घरासाठी केलेली प्रत्येक गोष्ट क्षम्य मानली तर नीतीला उभे राहायला जागा उरत नाही, आणि घराचा विचार मनात येणे हाच कमीपणा मानला तर नीती फक्त संन्याशांची आणि शूरांची होते.

भिक्षुकाच्या व्यवसायातच यावर एक साधी कसोटी आहे. संकल्प मनात करून चालत नाही. तो मोठ्याने म्हणावा लागतो, अग्नीसमोर आणि जमलेल्या माणसांसमोर, स्वतःचे नाव घेऊन. कारकुनाला आपला बेत असा उच्चारता येणार नाही. अमुक तिथीस, अमुक गावी, अमुक गोत्राचा मी, अमक्याची फाईल अडवून द्रव्य मिळवतो, हे वाक्य कोणत्याही पाटावर बसून पुरे करता येत नाही. विष्णुभटांना आपले वाक्य पुरे करता आले. कर्जासाठी निघालो, पैशाच्या आशेने निघालो, झाशीत भयाने लपलो, हे त्यांनी पंचवीस वर्षांनंतर स्वतःच्या हाताने लिहिले. त्यात स्वतःला शूर करण्याची संधी होती. साक्षीदार फारसे उरले नव्हते आणि वरसईत खोटे पाडणारे कोणी नव्हते. त्यांनी ती संधी घेतली नाही. पुस्तकावर वाचकाचा जो विश्वास बसतो त्याचे मूळ येथे आहे. ज्याने दक्षिणेचा हिशेब लपवला नाही त्याने रक्ताचा हिशेब फुगवला नसेल, असे मन सांगते.

कसोटी चांगली असली तरी ती अपुरी आहे, हेही नोंदवले पाहिजे. संकल्पाच्या वेळी पत्नी यजमानाच्या उजव्या हाताला आपला हात लावून बसते. उच्चार त्याचा, स्पर्श तिचा. संकल्प दोघांचा मानला जातो, पण शब्द एकाचेच असतात. वरसईच्या बेतातही असेच झाले असणार. जो निघाला त्याचा प्रवास पुस्तकरूपाने उरला. ज्यांनी मागे राहून वाट पाहिली, उत्तरेतल्या दंग्याच्या बातम्या ऐकल्या, जाणारा आता येत नाही असे शेजाऱ्यांनी सुचवलेले ऐकले, त्यांचा वृत्तांत कोणी लिहिला नाही. कुटुंबासाठी केलेल्या बेतात कुटुंबाला कितपत विचारले होते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. आज विचारला जातो, तरी उत्तर नेहमी मिळतेच असे नाही. परगावी नोकरी घेताना, मुलांना दूरच्या वसतिगृहात ठेवताना, म्हातारपणी शहर बदलताना, हात कोणाचा आणि शब्द कोणाचा, हे पाहिले तर बऱ्याच घरांतल्या मौनाचा उलगडा होतो.

राणींच्या बाबतीत हा विधी उलटा होतो. त्यांच्या संकल्पात कोणाचा हात कोणाच्या हाताला लावायचा राहिलाच नव्हता. झाशी सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी विष्णुभटांची आणि त्यांची पुन्हा गाठ पडली. पुरुषी वेष, अंगावर प्रवासाची धूळ, तहान. भटजी पाणी काढून देण्यास पुढे झाले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून असे काम घेणे त्यांनी नाकारले आणि स्वतःच पाणी काढून मातीच्या भांड्यातून प्यायल्या. त्या वेळी त्या जे बोलल्या त्याचा आशय असा की, आपल्यासारख्या विधवेला पोटापुरते थोडे धान्य पुरले असते. पण हा मार्ग धरला आणि त्यात यश आले नाही. या प्रसंगात राज्यकर्ती आणि भिक्षुक यांच्यातले अंतर पुष्कळ कमी होते. दोघेही ज्या बेताने निघाले होते तो मोडलेला होता. दोघांच्याही बेताच्या मुळाशी घरच होते. एकाचे कर्जात बुडालेले, दुसरीचे दत्तकाच्या हक्कापायी खालसा झालेले. राणींचा मनसुबा इतिहासात गेला, म्हणून त्याचे मूळ एका आईने मुलासाठी केलेल्या अर्जांत होते हे विसरले जाते. तो मुलगा, दामोदरराव, पुढे इंदुरास राहिला आणि १९०६ साली तेथेच वारला. राज्य त्याला मिळाले नाही.

विष्णुभट घरी पोचले तेव्हा हाती धन म्हणावे असे काही नव्हते. खांद्यावर कावड होती. शेकडो कोस पायी आणलेल्या त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. व्यवहाराच्या वहीत या गोष्टीची नोंद कोठे करावी, हे सावकाराला सांगता आले नसते. मूळ बेतात जे ‘घडल्यास’ म्हणून होते तेच घडले, आणि जे मुख्य होते ते राहिले. माणसाच्या बेतांत असे वारंवार होते. शेपटाचा भाग तडीला जातो. म्हणून बेतात थोडी सैल जागा ठेवावी, असे त्यातून कोणी काढील, पण विष्णुभटांनी ती जागा हिशेबाने ठेवली नव्हती. कोकणातील भाविक मुलाने उत्तरेला जाताना गंगेचा विचार करू नये, हेच अशक्य होते.

लेखनाचे काम त्याहून अनपेक्षित. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून ते झाले. साठीकडे झुकलेला मनुष्य मोडी अक्षरांत आपली आठवण उतरवू लागला, ती कर्जासाठी नव्हे आणि कीर्तीसाठी तर नव्हेच. बंडाचे वर्णन इंग्रजी अमलात छापणे धोक्याचे होते आणि त्यांच्या हयातीत ते छापले गेलेही नाही. ही खरी फुरसत म्हणायची. हिच्यात काम होते, पण त्याची मजुरी नव्हती. फळ होते, पण ते पाहायला आपण नसणार हे माहीत होते. निष्काम कर्माचा शोध घेणाऱ्याला ते सकामाच्या अशा उतारावर सापडावे, यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. आधी देणे फेडायला निघालेला मनुष्यच कदाचित नंतर काही न मागता बसू शकतो.

वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापले, तेव्हा त्यांनी भाषेला आणि मजकुराला आपला हात लावला होता. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेले आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली त्यावरून मूळ पाठ प्रसिद्ध केला. त्या पाठात भटजींची वाक्ये विरामचिन्हांवाचून, पायी चालल्यासारखी, एकातून दुसऱ्यात जातात. मध्येच भोजनात काय होते ते येते, दक्षिणा किती मिळाली ते येते, आणि त्याच ओळीला लागून तोफ सुटते.